चकाकतं ते सारं...

दसऱ्याला गाडी धुणं हा आपल्या घरांतला अगदी निरागस कार्यक्रम. इथे शिकागोच्या उपनगरात झेंडू मिळायची मारामार, आणि मिळालाच तर हार बांधायचा कुठे हा पुढचा प्रश्न. शेवटी तो पुढच्या जाळीत कसाबसा अडकवायचा, हूडवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि शेजारच्या अमेरिकन आजोबांना ‘हे काय?’ याचं उत्तर द्यायचं. त्या दिवशी गाडी चकचकीत का करायची, असं कोणी विचारत नाही. आपली गाडी, आपला सण.

हा प्रश्न मला पडला तो गाडी विकायला काढल्यावर. आमची २०११ सालची गडद निळी कॅमरी, एक लाख बेचाळीस हजार मैल चाललेली. इंजिन ठणठणीत, पण रंगाची रया गेलेली. हूडवर पक्ष्यांच्या शिटेने पडलेले दोन डाग, डाव्या बाजूला मुलाच्या सायकलच्या हँडलची रेघ, आणि उन्हात उभी केली की अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. मंडळातल्या मित्रांनी एकमुखाने सल्ला दिला, ‘‘अरे, एक वीकएंड घाल, पॉलिश मार, हजार डॉलर जास्त येतील.’’ सल्ला व्यवहाराला धरून होता. मला हात काळे करायची हौस आहेच. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर जे काम करतो ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. इथे दोन तासांत फरक दिसतो. पण काम सुरू केल्यावर लक्षात आलं, की ‘चकचकीत करणं’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं दडलेली आहेत, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने त्या तिघांची जात एक नाही.

पहिलं काम धुण्याचं. त्याची पद्धत साधी आहे, तरी पाळणारे थोडे. गाडी सावलीत उभी करायची, पत्रा गार होऊ द्यायचा. बादल्या दोन घ्यायच्या, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळून घ्यायची. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं, तर मघाशी काढलेली वाळू पुन्हा गाडीवर घासली जाते, आणि ती कोळ्याची जाळी बव्हंशी अशीच विणली जाते. वरून खाली धुवायचं, चाकं वेगळ्या फडक्याने. भांडी घासायचा साबण वापरायचा नाही, तो मेणाचा थरही धुऊन नेतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटात जाऊन बसतं, तिथे पाण्याचा फवारा भरपूर मारायचा. (जमल्यास गाडी हिरवळीवर धुवावी. रस्त्याकडेच्या गटाराचं पाणी बहुतेक गावांत शुद्ध न करताच ओढ्या-नद्यांत सोडतात.)

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून हूडवरून बोटं फिरवून पाहा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बोटांना खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, डांबर, हे सगळं रंगाला धरून बसलेलं असतं. त्यासाठी क्ले बार मिळतो, लहान मुलांच्या क्लेसारखाच एक गोळा. पृष्ठभाग साबणपाण्याने बुळबुळीत करून गोळा हलक्या हाताने फिरवायचा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडला तर सरळ फेकून द्यायचा. अर्ध्या तासात पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागतो.

इथपर्यंत नीतीचा प्रश्नच येत नाही. जे गाडीचं नव्हतं ते काढलं. विकत घेणाऱ्याला गाडी अधिक खरी दिसते, कारण घाणीखाली लपलेला एखादा ओरखडाही आता उघडा पडतो.

दुसऱ्या कामापाशी मी अडखळलो. ओरखडे ‘घालवण्या’साठी जे पॉलिश असतं ते नेमकं काय करतं, हे फारसं कोणी विचारत नाही. आजच्या गाड्यांवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. क्लिअर कोट त्यातला ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस अदमासे ७० मायक्रॉन जाड धरतात. म्हणजे उन्हापावसापासून गाडीचं रक्षण करणारी ही ढाल केसापेक्षाही पातळ. ओरखडा पडतो तो या थरात. त्याच्या कडांवर प्रकाश वाटेल तसा फाकतो म्हणून तो आपल्याला दिसतो. पॉलिशमधले बारीक कण ओरखडा भरून काढत नाहीत. ते त्याच्या आजूबाजूचा सगळा थर खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. खड्डा बुजवण्याऐवजी अख्खं मैदान खणून खड्ड्याच्या पातळीला आणावं, तसं.

हे समजल्यावर ‘रिस्टोर’ या शब्दावरचा माझा विश्वास थोडा उडाला. पूर्ववत काहीच होत नाही. गाडी नवी दिसते ती जे उरलंय त्यातलं थोडं आणखी खर्च करून. बारीक पॉलिशचा एक हात जेमतेम मायक्रॉनभर घेतो, जाड कंपाउंडचा हात त्याच्या कितीतरी पट. गेलेला थर परत येत नाही. नखाला अडकणारा ओरखडा तर पॉलिशने काढायच्या फंदात पडूच नये, तिथे क्लिअर कोट संपूनच जायचा. आणि एकदा क्लिअर कोट संपला, सोलवटायला लागला, की जगातलं कुठलंही पॉलिश कामाचं नाही. रंगवून घेणं एवढाच इलाज.

मला आजीच्या देवघरातला पितळी बाळकृष्ण आठवला. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राख लावून घासून घासून त्याचं नाक सपाट झालं होतं, डोळ्यांच्या जागी नुसती खूण उरली होती. हातातला लाडू आणि गुडघा यांतला फरक ठाऊक असणाऱ्यालाच कळे. पण लखलखीत इतका, की समईच्या उजेडात देव्हारा भरून जाई. चकाकीसाठी धातू खर्च होत होता आणि त्याची कोणाला खंत नव्हती. उलटही घडतं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ साली काढला, तेव्हा आतून तिचं मूळ रूप बाहेर आलं. तिथे काढत जाल तसं मूळ सापडत गेलं. गाडीच्या रंगाखाली असं काही मूळ रूप वाट पाहत नसतं. खाली प्रायमर, त्याखाली पत्रा, आणि मग गंज.

देव्हाऱ्यातली झीज सोसणारं घर आणि चकाकी पाहणारं घर एकच होतं. गाडी विकताना ही जोडी तुटते. चकाकी माझी, कारण तिचे हजार डॉलर माझ्या खिशात येणार. पातळ झालेला थर मात्र पुढच्या मालकाचा. चार उन्हाळ्यांनी रंग सोलवटायला लागेल, तेव्हा त्याला कळणारही नाही की ही उधारी कोणी उचलली होती. एका मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. ते पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय हे सांगत नाही. आमच्या गाडीवर आकडे ११० ते १२० येत होते. उजव्या मागच्या दरवाजावर २४०. मॉलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून पळून गेलं होतं, तेव्हा तो दरवाजा रंगवून घेतलेला. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं.

तिसरं काम सर्वांत सोपं, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. बाजारात ‘ग्लेझ’ नावाची द्रव्यं मिळतात, काही मेणांतही हाच गुण असतो. त्यांतली तेलं आणि भराव ओरखड्यांत जाऊन बसतात, प्रकाश फाकायचा थांबतो आणि गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते. क्लिअर कोटचा एक कणही खर्ची पडत नाही. पण काही धुण्यांनी भराव वाहून जातो आणि सगळं पुन्हा वर येतं. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला ग्लेझ लावायला कोणाचीच हरकत नसावी. विकायच्या आदल्या रात्री लावायला माझी आहे.

कारण मी त्या भरावाचा गिऱ्हाईक होऊन गेलोय. २००४ साली एम.एस.साठी आलो, तेव्हा पहिल्या सत्रानंतर बावीसशे डॉलरला एक जुनी सिडान घेतली. त्यातले हजार उसने होते. विकणारा गृहस्थ अतिशय गोड बोलला, गाडी आरशासारखी. महिन्याभरात, तीन-चार वेळा धुतल्यावर, छतावर आणि दारांवर सँडपेपर फिरवल्यासारखे ओरखडे उगवले. चालायला गाडी वाईट नव्हती, माझं फार मोठं नुकसानही झालं नाही. पण त्यानंतर ब्रेक जरा वाजला की वाटायचं, आणखी काय काय भरून ठेवलंय याने? दोन वर्षं मी त्या गाडीवर विश्वास टाकू शकलो नाही. पैशांचा हिशेब लागतो, याचा लागत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या या विषयावर लेख लिहिला. त्याआधी तो तीन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि २००१ साली त्याच कामासाठी अकेरलॉफना (आणखी दोघांबरोबर) नोबेल मिळालं. जुन्या गाडीतलं खोट विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी किंमत देतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे रद्दी माल उरतो. थोडक्यात, माझ्या त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाने एकट्या मला फसवलं नाही, त्याने पुढच्या दहा प्रामाणिक विक्रेत्यांची किंमत पाडली.

आता कायदा काय म्हणतो? मैलांचा आकडा मागे फिरवणं १९७२ पासून इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. डीलरला जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की ‘अ‍ॅज इज’ आहे हे सांगणारा कागद लावावा लागतो, तो नियम १९८५ पासून. पण तो घराच्या अंगणातून विकणाऱ्या तुम्हाआम्हाला लागू नाही, आणि रंगावरच्या ओरखड्यांविषयी तर कोणी काहीच लिहून ठेवलेलं नाही. इथे आपण आणि आपली बुद्धी.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलासाठी. (परगावी शिकणाऱ्या मुलाला लांबलचक उपदेश पाठवायची खोड आपलीच नव्हे!) त्यात एक धान्याचा व्यापारी दुष्काळात सापडलेल्या ऱ्होड्स बेटावर जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगितलं तर भाव पडणार. सांगावं का? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटं बोलू नको, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांग, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगितलं पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याचा आशय असा, की आपल्याला जे ठाऊक आहे ते, ज्याला ठाऊक असण्यात त्याचं हित आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी कळू नये अशी इच्छा धरणं, याचंच नाव लपवणं.

मला ही कसोटी पटते, कारण ती पॉलिशच्या डब्याकडे पाहत नाही, मनातल्या इच्छेकडे पाहते. पण माझी बायको माझ्यापेक्षा व्यवहारी आहे. ती म्हणाली, ‘‘कांदेपोह्यांच्या वेळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. घोरता हे सांगितलं होतंत?’’ मुद्दा बिनतोड होता. चांगलं दिसायचा प्रयत्न म्हणजे फसवणूक नव्हे, आणि समोरच्यालाही ठाऊक असतं की आज शर्ट इस्त्रीचा आहे. गाडीसुद्धा धुऊनच दाखवणार हे सगळे धरून चालतात. फरक पडतो तो समोरच्याच्या गृहीतकाबाहेरचं काही केलं तर. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. रेझ्युमे नीट मांडणं, शुद्धलेखन सुधारणं, नको ते गाळणं, सगळं ठीक. पण ओळखीतल्या एका मुलाचा दोन वर्षांचा अनुभव एका कन्सल्टिंग कंपनीने परस्पर सात वर्षांचा करून टाकला होता. भराव काही धुण्यांपुरता टिकला. मग क्लायंटसमोर मान खाली घालून उभं राहायची वेळ त्या मुलावर आली, भराव घालणाऱ्यांवर नाही.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. गाडी धुतली, क्ले फिरवला. हूडवर तेवढा ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने बारीक पॉलिशचा एक हात दिला, कारण शिटेचं आम्ल थरात आणखी मुरण्याआधी डाग काढणं पुढच्या मालकाच्याही हिताचं होतं. बाकी ओरखड्यांना हात लावला नाही. मग पाण्यात मिसळलेल्या रबिंग अल्कोहोलने सगळं पुसून काढलं. पॉलिशमधली तेलंसुद्धा तात्पुरता भराव करतात. अल्कोहोलने पुसल्यावर जे दिसतं तेच खरं, म्हणून जाणकार प्रत्येक हातानंतर असं पुसून पाहतात. वर साधं मेण लावलं, कारण उघडा रंग सोडणं हा काही प्रामाणिकपणा नव्हे. आणि एका कागदावर लिहिलं: रंगवलेला दरवाजा, सायकलची रेघ, हूडवर पॉलिश केलंय, पुन्हा जाड कंपाउंड लावू नये.

गाडी पाहायला आला तो नाशिकहून नुकताच एम.एस.साठी आलेला मुलगा. मला ‘काका’ म्हणाला, ते एक वेळ सोडून देऊ. कागद त्याने ‘‘हो काका, हो काका’’ म्हणत पाहिला न पाहिला आणि घडी घालायला लागला. कागद हाती दिला म्हणजे सांगितलं, असं काही मला वाटेना. म्हणून टॉर्च घेऊन त्याला गाडीभोवती फिरवलं, रंगवलेल्या दरवाजाशी उभं केलं, यंत्रावरचे आकडे दाखवले. त्याने व्हिडिओ कॉलवर वडिलांना जोडलं. नाशिकला पहाट असावी, गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, राग मानू नका. पण एवढं सगळं आपणहून सांगताय, म्हणजे आणखी काही मोठं आहे का, जे सांगत नाही आहात?’’

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आठ हजार मैलांवरून ते मुलाच्या पहिल्या गाडीवर नजर ठेवून होते, आणि बाजाराने त्यांना शिकवलं होतं की आपणहून बोलणारा विक्रेता जास्त धोक्याचा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की गाडी तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये नेऊन तपासून घ्या, तपासणीचे पैसे मी देतो. त्यांनी तसं केलं. गॅरेजवाल्याने पुढचे ब्रेक पॅड निम्मे झिजल्याचं सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. चारशे डॉलर कमी करून व्यवहार ठरला. मित्रांच्या हिशेबाने मी चौदाशे घालवले.

बायकोचं म्हणणं अजूनही वेगळं आहे. ती म्हणते, ‘‘तुम्ही त्या मुलासाठी नाही, तुमच्या त्या जुन्या बावीसशे डॉलरवाल्या गृहस्थाला दाखवायला हे सगळं केलंत.’’ असेलही. मुलगा गाडी घ्यायला आला, तेव्हा मी त्याला दुसरी बादली आणि दोन मायक्रोफायबर फडकी दिली. त्याने विचारलं, ‘‘काका, अपार्टमेंटमध्ये गाडी धुवायला परवानगी नाहीये, मग ही कुठे वापरू?’’ मी म्हटलं, शनिवारी इकडे घेऊन ये. अजून दोनदा आलाय.